ओटीतला नारळ

आमच्या भोरगव्हाणच्या लेंडी ओढ्यावर पूल नाही, पण पुलाच्या तीन कोनशिला आहेत. तिन्ही काळ्या दगडाच्या, चांगल्या पॉलिश केलेल्या, आणि तिन्हींवर वेगवेगळ्या पुढाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली. बायांना त्यांचा फार उपयोग होतो. धुणं आपटायला इतका गुळगुळीत दगड आसपासच्या गावांत सापडायचा नाही. माझी सासू तर म्हणायची, "मेंबर लोकायनं गावासाठी कायीच केलं न्हाई, असं कसं म्हणावं?"

दर खेपेला भूमिपूजन झालं, मंडप पडला, कुदळीला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, शाली वाटल्या गेल्या आणि मंडळी जेवून गेली. पूल काही आला नाही. पावसाळ्यात आमची लेकरं शाळेत जायची ती कमरेएवढ्या पाण्यातून, नाहीतर जायचीच नाहीत.

म्हणून जिल्हा परिषदेची निवडणूक लागली तेव्हा आम्ही घोषणाच तशी काढली. 'काम होईस्तोवर नारळाला हात लावणार नाही.' घोषणा माझी. मी सरिता, पार्वतीबाई आणि सटवाजी यांची थोरली सून, डी.एड. झालेली, नोकरी नसलेली आणि तोंडानं जरा फटकळ. त्या घोषणेचा मला तेव्हाही अभिमान होता आणि नंतर जे झालं ते होऊनही आज आहेच.

आमच्या उमेदवार म्हणजे प्रियदर्शनीताई पाईकराव. शेजारच्याच गावच्या, बौद्धवाड्यातल्या. बचत गटाच्या बायांना घेऊन त्यांनी हळद दळायची गिरणी उभी केली होती. गिरणीच्या शेडला मंजूर झालेला निधी मार्च संपला म्हणून परत गेला, तेव्हा तो पुन्हा आणायला त्यांनी इतक्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले की जिल्ह्याचा पैसा कुठून येतो, कुठं अडतो आणि कसा गुपचूप परत जातो, हे त्यांना तोंडपाठ झालं. अर्ज भरायला त्या गेल्या त्या रागानंच. त्यांचा राग मला आवडतो. तो आरडाओरडा करत नाही, कामाला लागतो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मेंबरच्या वाट्याला किती निधी आला, तो कोणत्या गावाला दिला आणि काहून दिला, हे मेंबरनं दर ग्रामसभेत उभं राहून सांगायचं. काम झालं की आधी गावानं पाहायचं, गावानं हो म्हटल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघणार नाही. आणि भूमिपूजन बंद. पूल झाला की गावानंच पहिली बैलगाडी त्यावरून न्यायची, तेच उद्घाटन.

समोर होते आधीचे मेंबर रविंद्रभाऊ. म्हणजे कागदावर त्यांची बायको, कारण आमचा जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे मतदारसंघ, महिलेसाठी सुटलेला. फलकावर आकांक्षावहिनींचा फोटो पासपोर्टला लावतात तेवढा आणि भाऊंचा दाराएवढा. जागा खुल्या प्रवर्गातल्या महिलेसाठी असताना बौद्धवाड्यातली बाई उभी राहते, याचंच भाऊंच्या माणसांना आधी हसू आलं. मग गावोगाव बाया ताईंच्या सभेला बसायला लागल्या तेव्हा ते हसू जरा आवरलं.

गटातलं सगळ्यात मोठं गाव आमचंच. भोरगव्हाण ज्याच्या मागं, मेंबर तो, असा आजवरचा हिशेब. आणि भोरगव्हाणच्या बाया माझ्या सासूच्या मागं. आत्याबाई शिकलेल्या नाहीत, पण कोणाच्या घरी भांडण लागो की बाळंतपण निघो, आधी त्यांना हाक जाते. त्यांनी हो म्हणावं म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागं लागले होते. त्या ऐकून घ्यायच्या आणि हळदीच्या कामाला लागायच्या. एक दिवस आपणच म्हणाल्या, "आणजो तिला गावात. म्या पाहून घेते बाकीचं."

मला वाटलं, जिंकलं.

ताईंची जीप आमच्या गल्लीत आली तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. गावभर तो कढत, मातकट वास. जीप ताईंचे यजमान रत्नपालदादा चालवत होते, कारण दुसरा ड्रायव्हर ठेवायची ऐपत नव्हती. मारुतीच्या पारापाशी बाया जमल्या होत्या, गडीमाणसं मागं उभी होती. रविंद्रभाऊंचा कार्यकर्ता जळबा मोबाइल वर धरून सगळं टिपत होता. त्याला तेवढंच काम.

ताई पारावर चढणार, एवढ्यात आत्याबाई पुढं आल्या. हातात पितळी ताट. ताटात तांदूळ, घरचं हळकुंड, सुपारी, हिरवा खण आणि वर शेंडीचा नारळ. मला याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी पाट मांडला आणि म्हणाल्या, "बस पोरी. पयल्यांदा आलीस दारी. ओटी भरते."

बायांच्या माना एकदम वर झाल्या. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. ओटी तर घरोघर भरतात, लेक माहेराहून निघाली की भरतात, पाहुणी आली की भरतात. पण आमच्या गल्लीतल्या बाईनं बौद्धवाड्यातल्या बाईची ओटी भरल्याचं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि माझ्या सासऱ्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आत्याबाई 'बाकीचं' म्हणाल्या होत्या ते हे होतं.

आणि प्रियदर्शनीताईंनी दोन्ही हात मागं घेतले.

"मावशी, खण घेते, तांदूळ घेते," त्या म्हणाल्या. आवाज सभेतल्यासारखा, खणखणीत. "नारळ तेवढा नको. काम होईस्तोवर नारळाला हात लावणार न्हाई, असा शब्द दिला मी लोकायला."

मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बायांतून एकही टाळी आली नाही. आत्याबाईंनी उचललेला नारळ परत ताटात ठेवला, ताटावर पदर घेतला आणि गर्दीतून वाट काढत घरी गेल्या. पाट तिथंच राहिला. तो मी उचलला.

सभा झाली, पण ती सभा नव्हतीच. संध्याकाळपर्यंत जळबाचं चित्रण गटातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं होतं. वर लिहिलेलं, 'मारुतीच्या पारावर नारळ झिडकारणारी बाई तुम्हाला चालेल का?' मागं कसलंसं रडकं संगीत. आमच्या गल्लीतल्या बाया, ज्या काल माझ्या ओट्यावर बसून पत्रकांच्या घड्या करत होत्या, त्या आज मला पाहून घागर दुसऱ्या हाताला घेऊन तोंड फिरवत होत्या. एक चुलत सासू तर अंगणात येऊन मोठ्यानं बोलून गेली, "पार्वतीबाई, आमी सांगत व्हतो ना? तिकडल्या बाईची ओटी भरायला गेलीस, घे आता."

आत्याबाई चुलीकडं वळल्या. त्यांनी भाकरी थापल्या, सासऱ्यांना वाढलं, मला वाढलं. ते ताट मात्र भिंतीतल्या देवळीत तसंच झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या गिरणीवर गेले ती भांडायलाच.

"ताई, ओटी होती ती! भूमिपूजन नव्हतं."

"घोषणा तूच लिहिली ना सरिता?" त्याही तापल्या होत्या. "नारळाला हात लावणार न्हाई. त्यात ओटीचा चालतो अन् पुलाचा चालत न्हाई, असं कुठं लिहिलं व्हतं? घेतला असता तर जळबानं तेच दाखवलं असतं. पयल्याच दिवशी शब्द मोडला म्हणून."

"मग दाखवू द्यायचं होतं!"

रत्नपालदादा मध्ये पडले. "आता झालं ते झालं. भोरगव्हाण सोडून द्या, बाकीच्या गावांत जोर लावू."

"भोरगव्हाण सोडून निवडून येता येत न्हाई," ताई म्हणाल्या. मग थोडा वेळ त्या गिरणीच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या आणि एकदम पायात चपला घालून उठल्या. "चल. मतं जाऊ दे खड्ड्यात. त्या बाईचं तोंड माझ्या डोळ्यापुढून हलेना."

आत्याबाई अंगणात वाळत घातलेली हळद हातानं फिरवत होत्या. ताई आल्या, जय भीम म्हणाल्या. आत्याबाईंनी रामराम घातला. बस म्हणाल्या नाहीत. ताई तशाच हळदीच्या कडेला मातीत बसल्या.

"मावशी, माझ्यामुळं तुमाला तकलीफ झाली."

"मला कसली तकलीफ?" आत्याबाईंचा हात थांबला नाही. "म्या येडी. गल्लीतल्या बाया म्हणल्या, भरू नको. म्या म्हणलं, भरते. चोरून न्हाई, घरात बोलवून न्हाई, साऱ्यायच्या पुढं भरते. मंग पाहू कोण काय म्हणते. अन् तू साऱ्यायच्या पुढं न्हाई म्हणलीस." आता त्यांनी वर पाहिलं. "तुला काहून वाटलं, म्या तो नारळ मेंबरीणबाईला देऊन राहिले? लेक म्हणून देऊन राहिले व्हते मी."

ताईंना मी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. कचेरीत साहेबाला उभं करून प्रश्न विचारणारी बाई ती. त्या दिवशी त्या एक हळकुंड उचलून बोटांत फिरवत राहिल्या.

"मावशी, खरं सांगू का? माझ्या आईची ओटी कधी कोणी भरली न्हाई. माझी बी न्हाई. आमच्यात ते न्हाई, अन् तुमच्यातलं कोणी आमची भरत न्हाई. तुमी ताट घेऊन आला तर मला कळंचना काय करावं. हात कुठं ठेवावे, काय म्हणावं. समोर समदं गाव, त्यो मोबाइल. मला एकच गोष्ट पाठ व्हती, ती घोषणा. म्या तीच धरली."

आत्याबाईंचा हात हळदीत थांबला. माझे डोळे भरून आले होते, आणि ते हळदीच्या धुरळ्यानं नव्हते, हे उघडच सांगते.

"हे मला सांगून काय व्हते?" शेवटी आत्याबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण माघार नव्हती. "न्हाई म्हणलीस ते पारावर म्हणलीस. चुकलं म्हणायचं असंल तर पारावरच म्हण."

त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला मीही जीपमध्ये बसले, तेव्हा सगळं ऐकून रत्नपालदादांनी कपाळाला हात लावला. "भर सभेत चुकलं म्हणलं तर रविंद्रभाऊ गावभर फटाके वाजवंल. शब्द फिरवला म्हणंल."

"म्हणू द्या," ताई म्हणाल्या. "चुकीला चिकटून बसणं म्हणजे शब्द पाळणं असते का? मंग तर रविंद्रभाऊइतका शब्दाचा पक्का माणूस जिल्ह्यात न्हाई."

मी हसले आणि मला कळलं की बाई परत जाग्यावर आली.

पारावरची दुसरी सभा पहिलीपेक्षा मोठी भरली. भानगड ऐकायला माणसं जास्त येतात. रविंद्रभाऊंचीही माणसं होती, जळबा तर सगळ्यांत पुढं, मोबाइल काढून तयार. आत्याबाई बायांत मधोमध बसल्या होत्या, हात मांडीवर.

ताईंनी माईक घेतला. आधी पुलाचं बोलल्या. पूल कोणत्या निधीतून होऊ शकतो, तो निधी दरवर्षी येतो आणि वर्षअखेरच्या घाईत भलत्याच कामावर कसा उधळला जातो, हे त्यांनी भाकरीचं पीठ मळायला शिकवावं इतकं सोपं करून सांगितलं. मग थांबल्या.

"अजून एक. मी इथं म्हणले होते, काम होईस्तोवर नारळाला हात लावणार न्हाई. पुलाचं भूमिपूजन मी करणार न्हाई, हे कायम. पण नारळाबद्दल जे बोलले ते चुकलं. पुढाऱ्यानं दगडावर फोडलेला नारळ अन् मायनं लेकीच्या पदरात घातलेला नारळ, हे दोन मला त्या दिवशी ओळखू आले न्हाईत. पार्वतीमावशीनं गल्लीचा विरोध अंगावर घेऊन मला लेक म्हणलं, अन् मी तिला सगळ्यांपुढं खाली पाहायला लावलं. मावशी, माझं चुकलं. मतासाठी म्हणत न्हाई. मत कोणाला बी द्या."

जळबा उठलाच. "शब्द फिरवला! शब्द फिरवला! उद्या पुलाचं बी फिरवाल!"

"फिरवला तर याच पारावर बोलवा मला, जळबाभाऊ," ताई तिथल्या तिथं म्हणाल्या. "आज आले तशी येईन. या गावात तीन वेळा पुलाचं भूमिपूजन झालं. तिघांपैकी एक तरी परत येऊन म्हणला का, पूल झाला न्हाई, आमचं चुकलं? तुमचा मोबाइल चालू हाय ना? हे बी घ्या त्यात. पूर्ण घ्या."

पारावर असा हशा पिकला की जळबाला मोबाइल खिशात घालावा लागला. म्हातारे कोंडीबाआजोबा तर काठी आपटून म्हणाले, "बराबर बोलली! चूक कबूल करणारा मेंबर म्या पाह्यला न्हाई अजून." आणि मग सगळं गाव आत्याबाईंकडे बघायला लागलं. मीही. मला खात्री होती, त्यांनी ताट पदराखाली आणलंच असणार.

आत्याबाई उठल्या. लुगडं झटकलं. "ऐकलं. बरं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या.

माझा तिळपापड झाला. घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी म्हटलं, "आत्याबाई, त्यांनी अख्ख्या गावापुढं मान तुकवली. आता तरी भरायची होती ओटी! आणखी किती ताणाल?"

त्या चुलीपुढं बसल्या होत्या. "मतदान कवा हाय?"

"रविवारी."

"मंग आता भरली तर ती ओटी न्हाई, परचार हाय. लोक म्हणतील, मतासाठी माफी मागली अन् मतासाठी ओटी भरून घेतली. तिचं बी हलकं, माझं बी हलकं." त्यांनी लाकूड आत सारलं. "जा, भाकरीचं पाह्य."

फटकळ माणसाला गप्प बसवणं सोपं नसतं. मी परात ओढून पीठ मळायला घेतलं.

प्रियदर्शनीताई निवडून आल्या, हे आधीच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. ताईंच्या शिलाई मशीन या चिन्हाचं बटण दाबायला आमच्या गल्लीतल्या बाया रांगेनं गेल्या, ती चुलत सासूसुद्धा गेली आणि वर मलाच सांगत होती की तिचं पहिल्यापासून हेच मत होतं. पण मला सांगायचंय ते निकालाच्या आधीचं.

मोजणी सेनगावला होती. सकाळीच सगळ्या उमेदवारांची माणसं तहसीलच्या फाटकाबाहेर उभी. रविंद्रभाऊंनी गुलालाची पोती आणि बँड दोन्ही आणलं होतं, त्यांना तेवढी खात्री. आमच्याकडं रत्नपालदादांची जीप आणि चहाचा थर्मास. आत मतदानाची यंत्रं उघडत होती. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. किती गावांनी काय केलं असेल, हे कोणालाच माहीत नव्हतं. तोवर तरी ही बाई जिंकलेली नव्हती आणि हरलेलीही नव्हती.

तेवढ्यात भोरगव्हाणची काळीपिवळी जीप येऊन थांबली आणि तिच्यातून आत्याबाई उतरल्या. मागं सासरे, हातात पाट. मला घरी कोणी काही सांगितलं नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही इथं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ ताईंपुढं गेल्या आणि पिशवीतून ताट काढलं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ.

"निकाल लागू द्या की मावशी," रत्नपालदादा दबकत म्हणाले. "घंट्याभरात कळंल."

"तेच तर," आत्याबाई म्हणाल्या. "जितल्यावर भरली तर लोक म्हणतील, मेंबरची भरली. हारल्यावर भरली तर म्हणतील, कीव आली म्हातारीला. मतं पडून गेली, निकाल यायचा हाय. मला आत्ताच भरायची हाय."

बंदोबस्तावरची पोलीस बाई पुढं आली. "आजी, इथं गर्दी करू नका."

"गर्दी कशाची? लेकीची ओटी भरून राहिले. तू बी बस पायजे तर, तुझी बी भरते." पोलीस बाई हसली आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

सासऱ्यांनी धुळीतच पाट मांडला. ताई त्यावर बसल्या. पाठीमागं रविंद्रभाऊंचे बँडवाले वाजवून बघत होते, कोणीतरी त्यांना गप्प केलं. आत्याबाईंनी कुंकू लावलं, ताटातला नारळ दोन्ही हातांत उचलला आणि थांबल्या. ताईंचे हात हवेतच होते, काय करावं ते न कळल्यासारखे.

"कशी धरायची असते, माय?" ताईंनी विचारलं. आवाज सभेतला नव्हता.

आत्याबाईंनी नारळ काखेत धरला, खाली वाकून ताईंच्या पदराची दोन्ही टोकं त्यांच्या दोन्ही मुठींत दिली आणि मुठी वरून दाबल्या.

"अशी," त्या म्हणाल्या. "अन् वजन आलं तरी सोडायची न्हाई."

मग त्यांनी नारळ पदरात घातला. आत भोंग्यावरून पहिल्या फेरीचे आकडे वाचायला सुरुवात झाली होती. भोरगव्हाणचं नाव आलं तेव्हा मी आणि रत्नपालदादांनी कान टवकारले. त्या दोघींना ते ऐकू गेलं नाही.